वाचक विचारतात: मोटरवाली रेल, कंट्रोलर आणि फोकस स्टॅकिंगच्या भानगडी

या वेळी बरेचसे प्रश्न एकाच विषयावर आलेत म्हणून सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकला. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅक्रोमध्ये जसजसं जवळ जावं तसतशी शार्प दिसणारी पट्टी पातळ होत जाते, इतकी की मुंगीचे डोळे नीट आले तर मिशा धूसर येतात. मग काय करायचं, कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवत त्याच मुंगीचे खूप फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक फोटोतला शार्प भाग उचलून एक अखंड फोटो बनवायचा. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात, आणि त्या फोटोंच्या गठ्ठ्याला स्टॅक. सरकवायचं काम हाताने स्क्रू फिरवूनही होतं, पण वीस-पंचवीस फोटोंनंतर हात कंटाळतो आणि माप चुकतं, म्हणून रेलला स्टेपर मोटर लावतात आणि "एवढं सरक, थांब, क्लिक कर, परत सरक" हे तिला सांगायला एक छोटा डबा असतो, तो कंट्रोलर.

प्रश्न: दादा, मी झूलॉजीला एमएससी करतोय. सेकंडहँड मोटर रेल आणि कंट्रोलर मिळाला, मॅन्युअल नाही. कॉलेजातल्या जुन्या मायक्रोस्कोपचा ४एक्स ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची लेन्स) कॅमेऱ्याला लावून डोंगळ्यांचे फोटो काढायचेत. कंट्रोलरवर कमीत कमी स्टेप १ मायक्रॉन दिसते, तर जास्तीत जास्त क्वालिटीसाठी तीच ठेवू का? सुरुवातीपासून सांगाल का कसं लावायचं ते. (कोल्हापूर)

उत्तर: १ मायक्रॉन अजिबात नको ठेवूस. मोटर किती बारीक सरकू शकते हा विकणाऱ्याचा आकडा झाला, आपल्याला बघायचंय ते लेन्सला किती बारीक लागतं, आणि तू जे मॅग्निफिकेशन वापरणार आहेस तिथे हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. मला येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच असतं की माणूस मोटरच्या आकड्याकडे बघून स्टेप ठरवतो.

तुझ्या ऑब्जेक्टिव्हवर ४/०.१० असं काहीतरी कोरलेलं असेल. ते ०.१० म्हणजे एनए, न्यूमरिकल अॅपर्चर, लेन्स किती रुंद कोनातून उजेड घेते त्याचं माप. शार्प पट्टी किती जाड आहे ते काढायला ०.५५ ला एनएच्या वर्गाने भागायचं (०.५५ ही हिरव्या प्रकाशाची वेव्हलेंथ आहे, मायक्रॉनमध्ये). इथे ०.५५ भागिले ०.०१, म्हणजे ५५ मायक्रॉन. दोन फोटोंत पाव हिस्सा तरी एकमेकांवर यायला हवा म्हणून स्टेप धर ४० मायक्रॉन. डोंगळ्याचं डोकं समोरून मागे साधारण दीड मिमी धरलं तर १५०० भागिले ४०, म्हणजे ३८ सरकणं आणि ३९ फोटो, दोन्ही टोकांना तीन-तीन जादा घे, ४५ मध्ये काम झालं. आता हेच १ मायक्रॉनने केलंस तर १५०० फोटो होतील, शटरचं आयुष्य जाईल, हार्डडिस्क भरेल, आणि रिझल्ट चांगला येणं लांबच, पिरॅमिड पद्धतीने (सॉफ्टवेअरमधली जोडायची एक पद्धत, पुढे येतेच) जोडताना प्रत्येक फोटोतला नॉइज थोडा थोडा साचत जातो त्यामुळे उलट खरखरीत येईल. १०एक्स, ०.२५ चा ऑब्जेक्टिव्ह असेल तर पट्टी जेमतेम ८.८ मायक्रॉन, तिथे ६ ची स्टेप लागते. २०एक्स, ०.४० ला साडेतीनच्याही खाली येतो आकडा, तिथे मात्र मोटरचा कस लागतो. साधी मॅक्रो लेन्स १:१ वर (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच पडते तिथे) एफ ५.६ ला वापरणाऱ्यांनी ०.२ मिमीची स्टेप ठेवा, एफ ८ ला ०.४ मिमी, बास. आणि स्टॅक करतोय म्हणून अॅपर्चर बंद करत जाऊ नका, १:१ ला एफ ११ लावलं की प्रत्यक्षात ते एफ २२ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनने सगळंच मऊ होतं. स्टॅकिंगचा फायदाच हा की लेन्स तिच्या सगळ्यात शार्प अॅपर्चरला ठेवता येते.

ऑब्जेक्टिव्ह लावण्याआधी त्याच्यावर १६० लिहिलंय की आडवा आठ (इन्फिनिटीची खूण) ते बघ. कॉलेजातले अंबाल्याहून येणारे जुने मायक्रोस्कोप बहुतेक १६० वालेच असतात. तसं असेल तर ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत साधारण १५० मिमी अंतर येईल अशा एक्स्टेन्शन ट्यूब नाहीतर बेलोज (भात्यासारखी लांब-आखूड होणारी नळी) लाव, मध्ये दुसरी कुठलीही लेन्स नको. इन्फिनिटीची खूण असेल तर मात्र मागे २०० मिमीच्या आसपासची टेलि लेन्स इन्फिनिटीला फोकस करून लावावी लागते, ऑब्जेक्टिव्ह तिच्या पुढे. रेनॉक्स डीसीआर १५० ही क्लोजअप लेन्स बरेच जण याच कामाला वापरतात कारण तिची फोकल लेंथ २०८ मिमी पडते.

आता लावायचं कसं. मोटरची वायर आधी कंट्रोलरला जोडायची, पॉवर नंतर द्यायची, आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर कधीही उपसायची नाही, आतली ड्रायव्हर चिप तिथल्या तिथे उडते. कॅमेरा पूर्ण मॅन्युअल ठेव म्हणजे एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं फिक्स. ऑटोफोकस बंद, स्टॅबिलायझेशन बंद, फोटो काढल्यावर स्क्रीनवर दाखवणं बंद, ऑटो पॉवर ऑफ बंद. शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण कॅमेरा झोपला की कंट्रोलरचा पहिला सिग्नल त्याला उठवण्यातच जातो, फोटो निघत नाही, कंट्रोलर आपला खुशाल पुढे सरकतो आणि स्टॅकच्या मध्ये एक पट्टी गायब.

मग लाइव्ह व्ह्यू पूर्ण झूम करून जॉग बटणाने (हाताने मोटर सरकवायच्या बटणाने) रेल पुढे-मागे कर. डोंगळ्याचा सगळ्यात पुढचा भाग, बहुतेक जबडा, तो शार्प होण्याच्या थोडं अलीकडे थांब आणि ती सुरुवात म्हणून सेट कर, मग मागच्या टोकाला थोडं पलीकडे जाऊन शेवट सेट कर. कंट्रोलर कुठल्याही कंपनीचा असला तरी त्यात साधारण दोन प्रकारचे मोड सापडतात, एकात दोन टोकं आणि स्टेप द्यायची, फोटो किती ते तो काढतो, दुसऱ्यात दोन टोकं आणि फोटोंची संख्या द्यायची, स्टेप तो काढतो. तू पहिला मोडच वापर. दुसऱ्यात लोक आकडा गोल करतात, ५० नाहीतर १००, आणि स्टेप भलतीच येते.

राहिले तीन वेळांचे आकडे. सरकल्यावर फोटो काढण्याआधी किती थांबायचं, त्याला सेटल टाईम म्हणतात, २ सेकंदांनी सुरुवात कर. शटरचा सिग्नल किती वेळ दाबून धरायचा, अर्धा सेकंद ठीक. फोटोनंतर पुढे सरकण्याआधी किती थांबायचं, हे तुझ्या एक्स्पोजरपेक्षा जास्त हवं आणि फ्लॅश वापरत असशील तर फ्लॅश परत चार्ज होण्यापेक्षाही जास्त हवं. डीएसएलआरवर मिरर लॉकअप लावलास तर एका फोटोला दोन सिग्नल लागतात, पहिल्याने आरसा वर, दुसऱ्याने फोटो. कंट्रोलरमध्ये दोन पल्सची सेटिंग असते ती लाव, नाहीतर ४५ सरकण्यांत २२ फोटो मिळतील आणि तू रेलला दोष देत बसशील. त्यापेक्षा लाइव्ह व्ह्यू आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर असेल तर ते वापर, आरशाचा प्रश्नच मिटतो.

बॅकलॅशचं सांगायचं राहिलं. स्क्रू आणि नट यांच्यात थोडी पोकळी असतेच त्यामुळे दिशा बदलली की मोटर फिरते पण रेल लगेच हलत नाही. बहुतेक कंट्रोलर सुरुवातीच्या टोकाच्या थोडे मागे जाऊन मग पुढे येतात, तुझा येत नसेल तर तूच तसं कर आणि स्टॅक कायम एकाच दिशेने घे. पुढून मागे घ्यायचा की मागून पुढे, यावर भांडणारे लोक आहेत, त्यांना भांडू दे.

प्रश्न: सर, मी सातपूर एमआयडीसीत कामाला आहे, थ्रीडी प्रिंटरच्या उरलेल्या सामानातून रेल बनवली. टी८ लीड स्क्रू, नेमा १७ मोटर, आर्डुइनो, सीएनसी शील्ड, ए४९८८ ड्रायव्हर १/१६ वर, आर्डुइनोत जीआरबीएल (मोटर चालवायचं फर्मवेअर) टाकलंय. लांब अंतर मोजलं तर बरोबर येतं, पण ०.०२ मिमीची स्टेप दिली की एक फोटो सरकतो, पुढचा जागच्या जागी, मग परत एकदम दुप्पट. ड्रायव्हर बदलला तरी तेच. शिवाय शटरची वायर आर्डुइनोला डायरेक्ट जोडली तर चालेल का? (नाशिक)

उत्तर: प्रश्न असा सगळ्या मापांसकट लिहिला की उत्तर द्यायला मजा येते. ड्रायव्हर चांगला आहे तुमचा, बदलायची गरज नव्हती. इथे दोन गोष्टी एकत्र आल्यात.

पहिली म्हणजे स्क्रू. प्रिंटरचा टी८ स्क्रू बहुतेक वेळा चार सुरुवातींचा असतो. आटे २ मिमीवर दिसतात पण एका फेऱ्यात नट ८ मिमी पुढे जातो. मोटरचे फेऱ्याला २०० फुल स्टेप, म्हणजे एक फुल स्टेप झाली ४० मायक्रॉनची. तुम्ही मागताय २० मायक्रॉन, म्हणजे अर्धी फुल स्टेप, जी मायक्रोस्टेपिंगच्या (एका फुल स्टेपचे बारीक तुकडे करण्याच्या, तुमच्याकडे १६) जोरावर मिळायला हवी आणि मोटरमधून करंट जातोय तोवर मिळतेही. पण जीआरबीएलमध्ये डॉलर-एक नावाची सेटिंग आहे, ती मुळात २५ वर असते, म्हणजे हालचाल संपल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटरचा करंट बंद. सीएनसी मशीनला ते चालतं, आपल्याला चालत नाही, कारण करंट गेला की रोटर सैल पडतो आणि जवळच्या फुल स्टेपच्या खाचेत जाऊन बसतो, आणि तुमचा फोटो नेमका त्याच वेळी निघतो. म्हणून एकदा शून्य, एकदा ४०. पुढची कमांड आली की करंट परत येतो आणि मोटर आपल्या हिशोबाच्या जागी जाते, त्यामुळे लांबचं अंतर मोजलं तर चूक सापडतच नाही.

डॉलर-एक २५५ करा, मोटर कायम धरून ठेवेल. गरम होईल, पण एवढ्या हळू कामाला पूर्ण करंट लागतच नाही तेव्हा ड्रायव्हरवरचा छोटा स्क्रू फिरवून कमी करा. तुमच्या ए४९८८ वर आर१०० लिहिलेले रेझिस्टर असतील तर व्हीरेफ (त्या स्क्रूने ठरणारं व्होल्टेज) ०.४ व्होल्ट म्हणजे अर्धा अँपियर, रेल आडवी असेल तर सुरुवात तिथून करा. मोटर स्टेप चुकवायला लागली तर थोडा वाढवा.

तरीही मी म्हणेन की स्क्रू बदला. एका सुरुवातीचा, २ मिमी लीडचा टी८ मिळतो, दिसायला अगदी सारखाच, पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारताना "फेऱ्याला २ मिमी" असं स्पष्ट सांगा नाहीतर परत तोच हातात देतील. सोबत त्याचाच नट घ्या, स्प्रिंगवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. फुल स्टेप १० मायक्रॉनवर येते, ५एक्सपर्यंत आरामात पुरते. फर्मवेअरमध्ये मिमीला किती स्टेप ही सेटिंग आता ४०० असेल, ती १६०० करायला विसरू नका. पुढे कधी १०एक्सला गेलात तर १ मिमी लीडचा स्क्रू नाहीतर गिअरवाली मोटर बघा. आणि आवाज कमी म्हणून टीएमसी किंवा डीआरव्ही८८२५ ड्रायव्हर टाकलात तर मायक्रोस्टेपचे जंपर परत तपासा, ए४९८८ वर तिन्ही जंपर लावले की १/१६ मिळतं, डीआरव्ही८८२५ वर तेच १/३२ होतं आणि रेल निम्मंच अंतर जाते.

शटरची वायर डायरेक्ट नको. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर टाका, काही रुपयांचा भाग आहे आणि त्याच्या पलीकडे कॅमेरा आहे. कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटमध्ये तीनच गोष्टी असतात, ग्राउंड, फोकस आणि शटर, फोकस ग्राउंडला जोडला की अर्धं बटण दाबल्यासारखं, शटर जोडला की फोटो. कॅननच्या २.५ मिमी जॅकला टोक म्हणजे शटर, मधली रिंग म्हणजे फोकस, खालचा भाग ग्राउंड. सिग्नल कुठून काढायचा याचंही सोपं आहे, जीआरबीएलमध्ये कूलंटचा पंप चालू-बंद करायची पिन असते, शील्डवर ए३, तीच शटरला वापरा. एम८ कमांडला चालू, अर्धा सेकंद थांबा, एम९ कमांडला बंद. पाण्याचा पंप नाहीच आपल्याकडे.

प्रश्न: तिसऱ्या मजल्यावर राहतो, मागे रेल्वे लाईन. ५एक्सला प्रत्येक स्टॅकमध्ये काही फोटो हललेले येतात. ट्रायपॉड चांगला जड घेतला, सेटल टाईम १० सेकंद केला तरी फरक नाही. अजून काय करायचं? (डोंबिवली)

उत्तर: सेटल टाईम मोटरने निर्माण केलेली थरथर थांबायला असतो. लोकल काही तुमच्या कंट्रोलरला विचारून जात नाही त्यामुळे १० काय, ३० सेकंद केले तरी उपयोग शून्य. परत २ वर आणा.

ट्रायपॉड काढून ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि किडा टेबलावर, म्हणजे दोघं दोन वेगवेगळ्या तालात हलणार. झोपाळ्यावर शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांचे चेहरे स्थिरच दिसतात, तसं करायचंय आपल्याला, हलायचं तर दोघांनी एकत्र हलायचं. एक कडप्पाचा तुकडा घ्या, दोन फूट बाय एक फूट, किचनच्या ओट्याचं काम चाललेलं असतं तिथे असाच मिळून जातो. त्याच्यावर रेल घट्ट बोल्ट करा आणि किडा धरायचा स्टँडही त्याच कडप्पावर. कडप्पाखाली सायकलची ट्यूब, अगदी थोडी हवा भरलेली. एवढ्यावर मोठा फरक पडतो. पंखा बंद, मिक्सर बंद, फोटो चालू असताना घरात कोणी नाचू नये.

दुसरा उपाय फ्लॅश. स्पीडलाइट १/३२ किंवा त्याहून कमी पॉवरला ठेवला की त्याचा उजेड सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, कितीतरी वेळा १/१०,००० च्या आसपास, तेवढ्या वेळात काहीच हललेलं दिसत नाही. खोलीत बाकी उजेड नको मात्र. दोन फ्लॅश, मध्ये बटर पेपरचं नळकांडं किड्याभोवती, बस. माझं मत विचाराल तर पैसे असतील तर महागड्या रेलपेक्षा आधी दुसऱ्या फ्लॅशवर घाला.

प्रश्न: मी दर वर्षी कासला जाते. सीतेची आसवं, दवबिंदू यांचे क्लोजअप घ्यायला मोटर रेल घेऊ का? माझ्याकडे नवा मिररलेस आहे, १०० मॅक्रो आहे. (सातारा)

उत्तर: ताई, नका घेऊ. कासवर वारा थांबत नाही आणि मोटर रेलला एका स्टॅकला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर फूल चार वेळा मान हलवून मोकळं. तुमच्या कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग असणार, मेन्यूत शोधा (निकॉनवाले त्याला फोकस शिफ्ट म्हणतात), त्यात लेन्सची स्वतःची मोटर फोकस सरकवते आणि इलेक्ट्रॉनिक शटरने आठ-दहा फोटो क्षणात होतात. वाऱ्याच्या दोन झुळुकांमध्ये तेवढा वेळ मिळतो. स्टेपचा आकडा तिथे १ ते १० असा काहीतरी असतो, तो मिमीमध्ये नसतो, घरी एखाद्या पट्टीवर कॅमेरा तिरका धरून बघून ठेवा कुठल्या आकड्याला मधे धूसर पट्टे येत नाहीत ते. साधारण नियम असा धरा की १:१ पर्यंत लेन्सचाच फोकस सरकवलेला बरा, त्याच्या पुढे रेल. रेल घेऊन आडवं झोपायला जागा लागते आणि तिथे जागा म्हणजे फुलंच असतात, हाही एक मुद्दा.

प्रश्न: वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाईट आणि जळगावकडचे अपोफिलाईटचे छोटे स्फटिक आहेत. रेल, कंट्रोलर सगळं नीट चालतंय, फोटोही शार्प येतात, पण जोडल्यावर स्फटिकांच्या कडेला पांढरी भुतं दिसतात आणि अपोफिलाईट तर गढूळच होतं. सॉफ्टवेअर बदलू का? (पुणे)

उत्तर: कॅव्हनसाईट! निळे गोळे, पांढऱ्या स्टिलबाईटवर बसलेले, मॅक्रोवाल्यांना याच्याहून चांगला नमुना शोधून सापडायचा नाही, आणि तो जागेवरून हलतही नाही. ज्यांनी बघितलेला नाही त्यांनी सिन्नरचं गारगोटी म्युझियम एकदा बघून या.

सॉफ्टवेअर नका बदलू, पद्धत बदला. झेरीन स्टॅकरमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन आहेत, हेलिकॉन फोकसमध्ये ए, बी, सी अशा तीन, त्यातली बी म्हणजे डेप्थ मॅप आणि सी म्हणजे पिरॅमिड. पिरॅमिडवाली (पीमॅक्स किंवा सी) एकमेकांवरून जाणारे केस, काड्या, सुयांसारखे स्फटिक यांना उत्तम, पण काँट्रास्ट आणि नॉइज वाढवते. डेप्थ मॅपवाली रंग आणि गुळगुळीत पृष्ठभाग छान ठेवते पण जिथे एक कड दुसऱ्याच्या पुढे येते तिथे भुतं काढते. तुमच्या निळ्या गोळ्यांना पिरॅमिड, मागच्या गुळगुळीत भागाला डेप्थ मॅप, दोन्ही आउटपुट काढायचे आणि रिटचिंग ब्रशने एकातलं दुसऱ्यात रंगवायचं. जरा वेळ जातो, पण चांगल्या स्टॅकमध्ये हा वेळ जातोच, एका बटणात होतं म्हणणाऱ्यांचे फोटो शंभर टक्के झूम करून बघा.

अपोफिलाईटचं वेगळं आहे. तो पारदर्शक, त्यामुळे पुढचा पृष्ठभाग, आतली भेग आणि मागची कड तिन्ही वेगवेगळ्या फोटोंत शार्प येतात आणि सॉफ्टवेअरला कळत नाही कोणाला घ्यायचं, ते थोडं थोडं सगळ्यांचं घेतं, म्हणून गढूळ. मागचे फोटो सरळ काढून टाका आणि फक्त पुढच्या पृष्ठभागाचा स्टॅक करा, आत काही बघण्यासारखं असेल तर त्याचा दुसरा स्टॅक करून तेवढाच तुकडा ब्रशने आणा. लाईटही बाजूने द्या, समोरून दिलात तर प्रत्येक पैलू चमकून जातो.

आणि हो, जोडलेल्या फोटोत बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर तो सेन्सरवरचा कचरा आहे. प्रत्येक फोटो थोडा लहान-मोठा करून जुळवला जातो त्यामुळे एका कणाची रेघ होते. सेन्सर साफ करून मगच मोठा स्टॅक लावा.

प्रश्न: इकडे न्यू जर्सीला आल्यापासून तीच रेल, तोच कॅमेरा, तीच १/१०० ची शटर स्पीड, पण स्टॅकमधला प्रत्येक फोटो कमी-जास्त उजेडाचा येतोय. पुण्यात असं होत नव्हतं. लाईट इकडेच घेतलाय, साधा एलईडी लॅम्प.

उत्तर: पुण्यात वीज ५० हर्ट्झची होती, तिकडे ६० ची आहे. स्वस्त एलईडी विजेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतो, म्हणजे भारतात सेकंदाला १०० वेळा, तिकडे १२० वेळा. इकडे १/१०० मध्ये बरोब्बर एक लुकलुक बसायची, तिकडे एक पूर्ण आणि दुसरीचा थोडा तुकडा येतो, तो तुकडा कधी उजेडाचा कधी अंधाराचा. १/६० किंवा १/३० ठेवा, नाहीतर अजून स्लो करा. किंवा बॅटरीवर चालणारा, न लुकलुकणारा एलईडी घ्या आणि विषय संपवा.

प्रश्न: शिवराई नाण्यांचा छोटा संग्रह आहे, कॅटलॉगसाठी फोटो काढायचेत. स्टॅकिंग लागेल का? (अहिल्यानगर)

उत्तर: नाणं कॅमेऱ्याला अगदी समांतर ठेवलंत तर नाही लागणार, एफ ८ ला एका फोटोत होतं. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवून लाइव्ह व्ह्यूत लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मध्ये येतंय का बघा, आलं म्हणजे समांतर. तांब्याचं नाणं जाड आणि वेडंवाकडं ठोकलेलं असेल तर चार-पाच फोटो हाताने फोकस फिरवून घ्या. मोटरचे पैसे वाचवून अजून नाणी घ्या.

प्रश्न: रेलच्या रॉडवर पावसाळ्यात गंज आला, आता सरकताना अडखळते. खोबरेल चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर: नको, थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. मऊ कापडाने पुसून घ्या, गंज वरवरचा असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने, मग पातळ लिथियम ग्रीसचं बोट फिरवा आणि रेल पूर्ण लांबी दोन-तीन वेळा पुढे-मागे करा. बेअरिंगमध्ये खड्डे पडले असतील तर मात्र ग्रीसने भागणार नाही, बेअरिंग बदला. पावसाळ्यात लेन्सबरोबर रेलही सिलिका जेलच्या डब्यात ठेवत जा.

प्रश्न: आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही. दीडशे फोटोंचा स्टॅक शंभराव्या फोटोला लटकतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कंट्रोलरला इन्व्हर्टर लावू का? (बीड)

उत्तर: कंट्रोलर १२ व्होल्टवर चालत असेल तर इन्व्हर्टरही नको, १२ व्होल्टची छोटी बॅटरी थेट चालेल, फक्त प्लगचा प्लस कुठला ते कंट्रोलरवरच्या खुणेवरून बघून जोडा, उलटं लागलं तर धूर निघतो. मोटरला किती अँपियर लागतात त्याच्यापेक्षा बॅटरी मोठी हवी.

पण लाईट गेलीच तरी पहिल्यापासून करायची गरज नसते. कंट्रोलर आपण कुठे आहोत हे विसरतो कारण स्टेपर मोटरला जागा मोजायची काही सोयच नसते, ती फक्त किती पावलं टाकली ते मोजत असते, आणि वीज गेली की ते गणित गेलं. रेल मात्र तिथेच असते, फार तर एखाद-दोन फुल स्टेप इकडेतिकडे. तेव्हा किड्याला हात लावू नका, लाईटची जागा बदलू नका, कॅमेरा त्याच सेटिंगवर ठेवा. वीज आली की लाइव्ह व्ह्यूमध्ये बघत रेल दहा-बारा स्टेपएवढी मागे घ्या, थोडं जास्तच मागे जाऊन मग पुढे या म्हणजे बॅकलॅश निघून जाईल, आणि तिथून नवीन सुरुवात सेट करून उरलेला स्टॅक पूर्ण करा. काही फोटो दोनदा येतील, येऊ दे. जोडायला टाकण्याआधी ते दुबार फोटो काढून टाका म्हणजे क्रम पुढून मागे सलग राहील, डेप्थ मॅपवाल्या पद्धतीला क्रम बिघडलेला चालत नाही. कुठला कुठे जुळतो ते ओळखायला दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी उघडून एखादा केस धरा, तो ज्या दोन फोटोंत सारखाच शार्प आहे तिथे जोड.

बाकी प्लॅस्टिसिनवर टोचून रात्रभर तसाच ठेवलेला किडा सकाळी मुंग्या घेऊन गेल्या अशीही एक तक्रार याच पत्रात होती, त्यावर उपाय म्हणजे स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत.